दातांची निगा रात्रीपासून सुरू करावी

मराठी घरात दिवस दात घासल्याशिवाय सुरू होत नाही. तोंड धुतल्याशिवाय चहा मिळणार नाही, हा दंडक बहुतेक घरांत आजीने घालून दिलेला असतो आणि पुढच्या दोन पिढ्या तो निमूट पाळतात. रात्रीसाठी मात्र असा दंडक कोणी घालून दिलेला नाही. जेवणे होतात, ओटा आवरला जातो, दूरदर्शन पाहता पाहता बडीशेप किंवा एखादा लाडू तोंडात जातो, मुलांना साखर घातलेले दूध दिले जाते आणि सगळे घर तसेच अंथरुणाला पाठ टेकते. दातांना खरी गरज रात्रीच्या स्वच्छतेची असते. ज्यांना दिवसातून एकदाच दात नीट घासणे शक्य आहे, त्यांनी ती वेळ रात्री झोपण्यापूर्वीची ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून तोंडाच्या आरोग्याच्या रोजच्या सवयींचे हे मार्गदर्शन मी सकाळपासून नव्हे, तर रात्रीपासून मांडत आहे.

याचे कारण लाळेत आहे. आपल्या दातांवर जिवाणूंचा एक पातळ, चिकट थर सतत साचत असतो आणि जीभ फिरवली की तो बुळबुळीत लागतो. आपण खाल्लेल्या साखरेवर आणि पिठूळ पदार्थांवर हे जिवाणू जगतात आणि त्या बदल्यात आम्ल तयार करतात. तोंडातील आम्लता वाढून तिचे पीएच मूल्य साधारण ५.५ च्या खाली गेले, की दाताच्या वरच्या कठीण आवरणातून, म्हणजे एनॅमलमधून, कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडू लागते. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते आणि गेलेली खनिजे काही प्रमाणात परत भरून काढते. ही झीज आणि भरपाई दिवसभर चाललेली असते. झोपेत मात्र लाळेचे प्रमाण फारच कमी होते, त्यामुळे रात्री दातांत अडकून राहिलेल्या अन्नावर जिवाणूंना सहासात तास मोकळे रान मिळते. एनॅमल हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असला तरी त्यात जिवंत पेशी नसतात; त्याला एकदा खड्डा पडला, की तो हाडासारखा आपोआप भरून येत नाही.

आपल्या भाषेत दाताला ‘कीड लागते’ असे म्हणतात आणि या शब्दामुळे अनेकांच्या मनात दात पोखरणाऱ्या एखाद्या अळीचे चित्र उभे राहते. बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसून दातातून किंवा कानातून किडा काढून दाखवणारे लोक याच समजुतीवर पोट भरतात. दातात असा कोणताही किडा नसतो. जिवाणूंनी केलेल्या आम्लाने दात विरघळतो, एवढेच ते आहे, आणि म्हणूनच ते टाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

रात्रीचे दात घासणे

ब्रश मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा घ्यावा. कडक ब्रशने दात अधिक स्वच्छ होतात, हा समज फार जुना आहे आणि फार नुकसान करणारा आहे. जोर लावून आडवे घासणाऱ्यांच्या दातांवर हिरडीलगत कुऱ्हाडीने घाव घातल्यासारख्या खाचा पडतात, हिरडी खाली सरकते आणि आतला संवेदनशील भाग उघडा पडल्यामुळे गार पाणी लागताच दात सळसळतो. जो थर आपल्याला काढायचा आहे तो मऊ असतो. त्याला ताकदीची नव्हे, पोहोचण्याची गरज असते.

ब्रश हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या रेषेवर साधारण ४५ अंशांत तिरपा धरावा, म्हणजे त्याचे केस हिरडीच्या कडेखाली किंचित शिरतील. तिथल्या तिथे, एका वेळी दोन-तीन दातांवर, लहान लहान वर्तुळाकार हालचाली कराव्यात आणि मग ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झाडल्यासारखा फिरवावा. बाहेरची बाजू, आतली बाजू आणि दाढांचा चावण्याचा पृष्ठभाग, असा क्रम एकदा ठरवून घेतला, की कोणताही कोपरा सुटत नाही. खालच्या पुढच्या दातांची आतली, म्हणजे जिभेकडची बाजू बहुतेकांकडून राहून जाते. तिथेच लाळग्रंथींच्या नलिका उघडतात, त्यामुळे लाळेतील क्षार बसून पिवळट कीटण सर्वांत आधी तिथे धरते. या जागेसाठी ब्रश उभा धरून टोकाच्या केसांनी घासावे. सगळ्याला मिळून किमान दोन मिनिटे लागतात. घड्याळ लावून एकदा पाहिले, तर आपण रोज किती घाईत आटोपतो हे लक्षात येते.

कीटण हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा. मऊ थर वेळेवर निघाला नाही, तर काही दिवसांतच तो दगडासारखा घट्ट होऊ लागतो आणि एकदा घट्ट झालेले कीटण कोणत्याही ब्रशने, मंजनाने किंवा मिठाने निघत नाही. ते दंतवैद्याकडेच साफ करून घ्यावे लागते. अशी सफाई केल्याने दात हलू लागतात, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. खरे पाहता दात आधीच सैल झालेले असतात. हिरडी आणि हाड झिजून पडलेली जागा कीटणाने भरून काढलेली असते आणि त्या दगडाच्या आधाराने दात घट्ट असल्याचा भास होत असतो. कीटण काढल्यावर काही दिवस शिवशिवणे किंवा फटी जाणवणे स्वाभाविक आहे. कीटण तसेच ठेवले तर मात्र दात कायमचा जाऊ शकतो.

ब्रश करताना हिरडीतून रक्त आले, की माणसे घाबरून त्या बाजूला ब्रश लावणेच सोडून देतात. रक्त येणे हे हिरडीला सूज असल्याचे लक्षण आहे आणि ती सूज साचलेल्या थरामुळेच आलेली असते. त्या जागी अधिक हळुवारपणे, पण न चुकता ब्रश करत राहावे. साधारण एक-दोन आठवड्यांत रक्त येणे थांबते. तेवढ्यानेही थांबले नाही, तर दंतवैद्याला दाखवावे.

दातांच्या मधल्या फटीत ब्रशचे केस जात नाहीत. तिथे रात्रीच्या ब्रशपूर्वी फ्लॉस, म्हणजे दातांसाठी मिळणारा बारीक दोरा वापरावा. वीतभर लांबीचे दोन तुकडे होतील एवढा दोरा घेऊन तो दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळावा, दोन दातांत हलकेच सरकवावा, एका दाताला कवेत घेतल्यासारखा वाकवून वरखाली फिरवावा आणि मग शेजारच्या दातालाही तसेच करावे. करवतीसारखा ओढून हिरडी कापू नये. वयामुळे ज्यांच्या फटी रुंद झाल्या आहेत, त्यांना बाटल्या धुण्याच्या ब्रशची अगदी छोटी आवृत्ती वाटावी असा फटींचा ब्रश अधिक सोयीचा पडतो. जेवणानंतर हाताशी येईल त्या टाचणीने, आगपेटीच्या काडीने किंवा साडीच्या पिनेने दात कोरण्याची सवय मात्र सोडलीच पाहिजे, कारण तिने हिरडीला जखम होते, फट वाढते आणि वाढलेल्या फटीत अन्न आणखी अडकते.

ब्रश झाल्यावर तोंडातला फेस थुंकून टाकावा आणि लगेच पाण्याने खळखळून चूळ भरू नये. हे वाचून अनेकांना विचित्र वाटेल, कारण आपल्याला तोंडातली चव पूर्ण जाईपर्यंत चुळा भरायची सवय असते. परंतु टूथपेस्टमधील फ्लोराइड दातांवर जितका वेळ टिकेल तितका त्याचा उपयोग अधिक होतो. यानंतर सकाळपर्यंत पाण्याखेरीज काहीही तोंडात घालू नये. हळदीचे दूध घ्यायचे असेल तर ते ब्रशच्या आधी घ्यावे.

टूथपेस्ट, मंजन आणि राखुंडी

टूथपेस्ट निवडताना तिचा रंग, फेस किंवा जाहिरात न पाहता वेष्टणावरील फ्लोराइडचे प्रमाण पाहावे. फ्लोराइडमुळे एनॅमल आम्लाला सहजासहजी दाद देत नाही आणि सुरुवातीची, खड्डा न पडलेली झीज भरून निघायला मदत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला, यावरून तिचे महत्त्व कळावे. भारतात टूथपेस्टमधील फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत एक हजार भागांपेक्षा, अधिक असू नये असा नियम आहे आणि ते प्रमाण नळीवर छापलेले असते. मोठ्यांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशच्या टोकापासून टोकापर्यंत पसरलेली लांबलचक पेस्ट दिसते, तेवढीची काहीही गरज नसते.

इथे एक अपवाद आवर्जून सांगायला हवा. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांत विहिरींच्या आणि कूपनलिकांच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त असते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या पुढे गेले, तर वाढत्या वयातील मुलांच्या दातांवर पांढरे, पुढे तपकिरी डाग पडतात आणि प्रमाण फार असेल तर हाडांनाही इजा होते. अशा गावातील पालकांनी पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि लहान मुलांना कोणती पेस्ट द्यावी हे दंतवैद्याला विचारून ठरवावे. असे डाग घासून जात नाहीत. ते दात घडत असतानाच पडलेले असतात. म्हणून मुलाने दात नीट घासले नाहीत असे म्हणून त्याला रागावणे अन्यायाचे आहे.

राखुंडी, विटेची पूड, कोळशाची पूड किंवा जाडे मीठ यांनी दात तात्पुरते उजळ दिसतात, कारण त्यांच्या खरखरीतपणामुळे वरचा डाग खरवडला जातो. त्याबरोबर एनॅमलही खरवडले जाते. अलीकडे हाच कोळसा आकर्षक नळीत भरून पुन्हा विकला जातो, तेव्हाही त्याचा स्वभाव बदललेला नसतो. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वापरणाऱ्यांनी ती चावून तिचा मऊ कुंचा करावा आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवावी. आयुर्वेदाच्या दिनचर्येतही दंतधावनासाठी काडीचा अग्रभाग असा मऊ करूनच वापरायला सांगितलेला आहे. काडीने बाहेरची बाजू चांगली स्वच्छ होते, पण दाढांची आतली बाजू आणि फटी राहून जातात आणि फ्लोराइडही मिळत नाही. म्हणून सकाळी काडी आणि रात्री ब्रश अशी जोड घालणे अधिक योग्य ठरेल.

सकाळ आणि जीभ

सकाळी दात घासण्यात आपल्याला शिकवण्यासारखे फारसे काही नाही. जीभ स्वच्छ करण्याची आपली परंपरा तर इतकी जुनी आणि चांगली आहे, की तिला फक्त टिकवायचे आहे. तांब्याची किंवा स्टीलची जीभघासणी मागून पुढे, दोन-तीन वेळा, हलक्या हाताने ओढावी. ओकारी येईपर्यंत घसा खाकरत जीभ खरवडणे अनावश्यक आहे. तोंडाच्या दुर्गंधीचे मूळ बहुधा जिभेच्या मागच्या भागातील थरात आणि हिरड्यांच्या आजारात असते, त्यामुळे वेलची, लवंग किंवा सुगंधी माउथवॉशने ती थोडा वेळ झाकली जाते, जात नाही.

दुसरी जुनी सवय जेवणानंतर चूळ भरण्याची. जेवून उठल्यावर हात धुताना खळखळून चूळ भरणे ही आपल्याकडे साधी रीत होती. आता कार्यालयात डबा खाल्ल्यावर कागदी रुमालाने ओठ पुसून माणसे थेट कामाला लागतात. दोन घोट पाणी तोंडात घोळवल्याने दातांतला अडकलेला घास सुटतो आणि आम्लही पातळ होते. याला ना खर्च आहे, ना वेळ लागतो.

चहा, बिस्किट आणि गूळ

दातांचे नुकसान किती साखर खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा खाल्ली, यावर अधिक ठरते. साखरेचा एक घोट घेतला, की काही मिनिटांत तोंडातील आम्लता वाढते आणि लाळेने ती पूर्ववत होण्यास साधारण अर्धा तास लागतो. पुरणपोळीचे भरपेट जेवण एकदा झाले, तर दातांवर असा एकच हल्ला होतो. परंतु सकाळी उठल्यावर गोड चहा, न्याहारीबरोबर चहा, कार्यालयात अकरा वाजता कटिंग, जेवणानंतर चहा, चार वाजता बिस्किटासह चहा आणि घरी आल्यावर पुन्हा चहा, असा दिवस असेल, तर दातांवर सहा वेळा हल्ला होतो आणि मिळून सुमारे तीन तास एनॅमल झिजत राहते. त्यातही ग्लुकोजची बिस्किटे, खारी, टोस्ट हे चहात बुडवून खाल्लेले पदार्थ दाढांच्या खाचांत लगद्यासारखे चिकटून बसतात.

चहा सोडा, असे मी कोणाला सांगणार नाही. मात्र जेवणाखाणाच्या वेळा सोडून होणारे चहा बिनसाखरेचे करावेत, एक कप तासभर घोटघोट पीत बसू नये आणि चहानंतर पाण्याने चूळ भरावी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा १० टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगते. प्रौढ माणसासाठी ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सुमारे सहा लहान चमचे. दोन चमचे साखरेचे सहा चहा घेणाऱ्याची ही मर्यादा दुपारीच संपलेली असते.

साखरेऐवजी गूळ वापरला म्हणजे दात सुरक्षित राहिले, असे मानणारे पुष्कळ भेटतात. तोंडातल्या जिवाणूंना या दोहोंत फरक करता येत नाही आणि चिक्की किंवा गुळाचा खडा तर दाताला अधिक वेळ चिकटून राहतो. संक्रांतीचा तिळगूळ जरूर खावा, पण हलव्याचे दाणे दिवसभर एकेक करून तोंडात टाकण्यापेक्षा जेवणाबरोबर एकदाच खावा. गोड खायचे ते जेवणात, हा पंगतीचा जुना क्रम दातांच्या दृष्टीने अगदी योग्य होता.

आंबट पदार्थांची गोष्ट थोडी वेगळी आहे. कैरी किंवा चिंच खाल्ल्यावर ‘दात आंबले’ असे आपण म्हणतो, ती आम्लाचा दातावर झालेला परिणाम नेमका टिपणारी भाषा आहे. लिंबू सरबत, कोकम सरबत, बाटलीबंद थंड पेये यांत जिवाणूंची वाट न पाहता आम्ल थेट दातावर येते आणि एनॅमलचा पृष्ठभाग काही काळ मऊ पडतो. अशा वेळी लगेच ब्रश केला, तर मऊ झालेला थर घासला जातो. म्हणून आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि ब्रश करण्यासाठी किमान अर्धा तास थांबावे. पित्तामुळे वारंवार उलट्या होणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.

मुलांचे दात

‘दुधाचे दात पडणारच आहेत’ या वाक्याने मुलांचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे चॉकलेटनेही केले नसेल. दुधाचे २० दात अडीच ते तीन वर्षांपर्यंत येतात आणि त्यांतील मागच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहतात. त्या किडल्या तर मूल नीट चावू शकत नाही, रात्री ठणक्याने जागते, आणि दाढ अकाली काढावी लागली तर शेजारचे दात सरकून कायमच्या दातांची जागा अडवतात.

पहिला दात दिसताच मऊ ब्रशने तो घासायला सुरुवात करावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट द्यावी. मूल स्वतः ब्रश हातात घेऊ लागले तरी सात-आठ वर्षांचे होईपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्या माणसाने करून द्यावा. मुलाच्या पाठीमागे उभे राहून त्याचे डोके आपल्या अंगावर टेकवले, की तोंडाच्या आतपर्यंत दिसते आणि मूलही फारशी धडपड करत नाही. दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवणे पूर्णपणे टाळावे. रात्रभर तोंडात साचून राहिलेल्या गोड दुधाने वरचे पुढचे चारही दात वर्षा-दोन वर्षांतच काळे पडून तुटतात. रडणे थांबावे म्हणून चोखणी मधात बुडवून देण्याची पद्धतही सोडावी. एक वर्षाखालील बाळाला मध तसाही देऊ नये.

सहाव्या वर्षाकडे पालकांनी विशेष लक्ष द्यावे. या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. ती येण्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती दुधाचीच आहे असे बहुतेकांना वाटते. ती कायमची दाढ असते आणि तिच्यावर जन्मभराचा चावण्याचा भार असतो. तिच्यावरच्या खोल खाचांत अन्न अडकते, ती अर्धवट वर आलेली असताना ब्रश तिच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि म्हणून शाळकरी मुलांत सर्वाधिक किडणाऱ्या दातांत तिची गणना होते. या वयात मुलाला दंतवैद्याकडे नेऊन या दाढांच्या खाचा बुजवणारे संरक्षक लेपन करून घ्यावे की नाही, हे विचारावे. त्यात टोचणे किंवा कोरणे नसते.

मशेरी, खर्रा आणि सुपारी

महाराष्ट्रात तोंडाच्या आरोग्याबद्दल लिहायचे आणि तंबाखूबद्दल लिहायचे नाही, हे शक्य नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते आणि त्यांतील बहुसंख्य ती ओढत नव्हते, तोंडात ठेवत होते. यातील मशेरी मला सर्वांत अधिक चिंतेची वाटते, कारण ती व्यसनाच्या नव्हे, स्वच्छतेच्या नावाने घरात येते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू बोटाने दातांना लावायची, ही रीत आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे गेलेली असते. सुरुवात दात दुखतो म्हणून होते, मग मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असे वाटू लागते आणि दिवसातून एकदाची मशेरी चार-पाच वेळांवर जाते. ज्या बाईने आयुष्यात कधी विडी ओढली नाही, तिला आपण तंबाखूच्या आहारी गेलो आहोत हे कळतही नाही. भाजल्याने तंबाखूतील निकोटिन आणि कर्करोगकारक द्रव्ये नाहीशी होत नाहीत. गर्भवतीने मशेरी लावली तर बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. टूथपेस्ट आणि दंतमंजनांत तंबाखू घालण्यावर भारत सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला मात्र कोणताही कायदा अडवू शकत नाही, तिथे घरातल्यांनीच बोलावे लागते.

हे बोलणे रागावून होत नाही. मशेरी लावणाऱ्या आजीला किंवा मावशीला एकदम डबी फेकून द्यायला सांगितले, तर ती लपवून लावू लागते. आधी दिवसभराच्या वेळा मोजाव्यात, दुपारची आणि संध्याकाळची वेळ आधी बंद करावी, सकाळच्या वेळी हातात मऊ ब्रश आणि पेस्ट द्यावी, आणि तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते हे समजावून त्या मिनिटांसाठी पाणी, बडीशेप किंवा एखादे काम सुचवावे. दात दुखणे हे मूळ कारण असेल, तर त्या दातावर उपचार करून घेतल्याशिवाय मशेरी सुटणार नाही. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मिळते.

विदर्भातला खर्रा, इतरत्र मावा या नावाने मिळणारे मिश्रण आणि २०१२ पासून राज्यात बंदी असूनही पुड्यांतून मिळणारा गुटखा यांत तंबाखूबरोबर सुपारी असते. नुसती सुपारी निरुपद्रवी आहे असे समजून ती मुलांच्या हातावरही ठेवली जाते, परंतु सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवले आहे. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा ताठ होते, तिखट झोंबू लागते आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती जात नसतील, तर उशीर न करता तपासणी करून घ्यावी.

तंबाखू किंवा सुपारी खाणाऱ्यांनी, आणि पूर्वी खात असलेल्यांनीही, महिन्यातून एकदा आरशासमोर भरपूर उजेडात तोंड पाहावे. ओठांची आतली बाजू, दोन्ही गाल, हिरड्या, टाळू, जिभेच्या कडा आणि जीभ वर उचलून तिच्याखालचा भाग, एवढे पाहायला दोन-तीन मिनिटे लागतात. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला, तर तो दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखतच नाही.

वाढते वय, मधुमेह आणि कवळी

मधुमेह असणाऱ्यांच्या हिरड्या लवकर सुजतात आणि हिरड्यांचा आजार बळावला, की रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. दोन्ही बाजूंनी चालणारे हे चक्र आहे. म्हणून मधुमेहींनी डोळे आणि पाय यांच्याप्रमाणेच हिरड्यांची तपासणीही वर्षाच्या वेळापत्रकात धरावी. रक्तदाब, नैराश्य किंवा ॲलर्जीवरील काही औषधांनी तोंड कोरडे पडते. अशा वेळी लाळेचे संरक्षण कमी होते आणि उतारवयात अचानक एकामागून एक दात किडू लागतात. त्यांनी थोडे थोडे पाणी वारंवार प्यावे आणि कोरडेपणा घालवण्यासाठी गोळ्या किंवा खडीसाखर चघळत राहू नये.

कवळी रात्री काढून ठेवावी, म्हणजे हिरड्यांना विश्रांती मिळते. ती मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने धुवावी, कारण टूथपेस्टने तिच्यावर बारीक ओरखडे पडतात. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे ठेवावे, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. रात्रभर ती साध्या पाण्यात बुडवून ठेवावी. उकळत्या पाण्यात घातल्यास तिचा आकार बिघडतो. कवळी लावणाऱ्यांनीही हिरड्या आणि जीभ रोज पुसून घ्यायची असते.

दंतवैद्याकडे जाताना

काही दुखत नसतानाही साधारण सहा महिन्यांनी दात दाखवावेत, कारण कीड एनॅमलपुरती असते तेव्हा ती दुखत नाही आणि दुखू लागते तेव्हा ती बहुधा नसेच्या जवळ पोहोचलेली असते. तोवर छोट्या भरणीने भागले असते तिथे रूट कॅनॉल करावे लागते. दुखणाऱ्या दाताशेजारी हिरडीवर वेदनाशामक गोळी दाबून ठेवण्याचा प्रकार अनेक घरांत चालतो. त्याने हिरडी भाजते आणि दात तसाच राहतो. वरची दाढ काढली की नजर जाते, या भीतीने सडलेली दाढ वर्षानुवर्षे ठेवणारेही आहेत. दाढेच्या आणि डोळ्याच्या नसा वेगळ्या आहेत. दाढ काढल्याने दृष्टीला काहीही होत नाही. खर्चाची अडचण असेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात कमी खर्चात उपचार होतात.

जाताना चालू असलेल्या सर्व औषधांची चिठ्ठी बरोबर न्यावी आणि रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, हृदयाचा आजार, गर्भारपण किंवा पूर्वी एखाद्या औषधाची आलेली ॲलर्जी यांबद्दल विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. मधुमेहींनी नेहमीचे औषध आणि न्याहारी घेऊन सकाळची वेळ मागावी.